टॉम फिनी १९४६ ला उगवला नव्हता

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर इंग्लंडच्या जुन्या फुटबॉलपटूंचा तक्ता आला होता, त्यात टॉम फिनीपुढे ७६ मॅच, ३० गोल, १९४६ ते १९५८ एवढंच होतं. आकडे बरोबर आहेत, पण वाचून चुटपुट लागून राहिली म्हणून लिहितोय.

अहो, प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबने त्याला प्रोफेशनल म्हणून घेतलं ते जानेवारी १९४० मध्ये, आणि तोवर इंग्लंडमधल्या क्लबांची लीगच बंद पडलेली. ३ सप्टेंबर १९३९ ला दुसरं महायुद्ध जाहीर झालं नि सीझन जेमतेम तीन मॅचनंतर गुंडाळला, त्या मॅचसुद्धा रेकॉर्डमधून पुसल्या. मग १९४१ ला वेम्बलीवर वॉर कपची, म्हणजे युद्धकाळातल्या कपची, फायनल, समोर आर्सेनल, १-१ बरोबरी, आणि रिप्लेमध्ये प्रेस्टनने २-१ ने कप मारला. फिनी तेव्हा १९ वर्षांचा पोरगा! पण ऑफिशियल हिशोबात हे काही धरतच नाहीत.

पुढच्या वर्षी सैन्यात बोलावणं आलं, आधी इजिप्त मग इटली, ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत रणगाड्यावर. विंगरचे, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूचे, पाय सगळ्यात जोरात पळतात ती विशी-बाविशी याची तिकडे गेली. परत येऊन ३१ ऑगस्ट १९४६ ला पहिली लीग मॅच खेळला तेव्हा वय २४, आणि महिना व्हायच्या आत २८ सप्टेंबरला बेलफास्टला इंग्लंडकडून उतरला नि गोलही केला. म्हणजे खेळ तयारच होता की, मैदान मिळत नव्हतं! वडिलांनी आग्रहाने प्लंबिंगचं काम शिकवलेलं, ते त्याने खेळाडू झाल्यावरही सोडलं नाही, कारण फुटबॉलपटूंच्या पगारावर मर्यादा होती आणि ती १९६१ पर्यंत उठली नाही, तोवर हा रिटायर झालेला.

टॉमी लॉटनचंही तसंच, एव्हर्टन १९३९ ला चॅम्पियन झालं तेव्हा हा १९ व्या वर्षी लीगचा टॉप स्कोअरर, आणि पुढचा पुरता लीग सीझन खेळायला मिळाला तो थेट २६ व्या वर्षी. स्टॅनली मॅथ्यूजची २४ ते ३१ ही वर्षं गेली, तो पन्नाशीपर्यंत खेळला म्हणून कुणाला जाणवत नाही एवढंच. युद्धात हे लोक इंग्लंडकडून खेळलेच ना, पण त्या मॅचना कॅप, म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅचची नोंद, नाही, त्यामुळे तुमच्या तक्त्यातही नाहीत.

माझी एकच विनंती आहे, पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा १९३९ ते १९४६ ला एक खूण करा आणि खाली एक ओळ द्या की या काळात लीग बंद होती. आणि जमलं तर बोल्टन क्लबचा कॅप्टन हॅरी गॉस्लिन पण घ्या, आपल्या टीममधल्या पोरांसोबत तोफखान्यात भरती झाला आणि डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत मारला गेला. त्याच्या रकान्यात १९४६ नंतर लिहायला काहीच नाहीये.

आपला एक नियमित वाचक