बी विंगच्या काकूंना, आमच्या बेटा माशाकडून थँक्यू

काकू, समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून लिहूनच टाकते, आणि उघड लिहितेय कारण आपल्या सोसायटीत बेटा, म्हणजे फायटर मासा, पाळणारी अजून दोनतीन घरं आहेत, त्यांनाही कळू दे कोणाची बेल वाजवायची ते.

लेकाला बर्थडेला तो निळा बेटा मिळाला तेव्हा सोबत एक काचेचा बाऊल होता आणि दुकानदाराचं "याला काही लागत नाही हो, वरून हवा घेतो" एवढंच ज्ञान. मग पंख चिकटले, शेपटीची कड काळी पडायला लागली, आणि दुकानात विचारलं तर औषधांची यादी. तुम्ही आलात आणि औषध बाजूला ठेवून म्हणालात, आधी पाणी बघू. त्या छोट्या नळीत थेंब मोजून टाकलेत, पाच मिनिटं थांबून खिडकीत पांढऱ्या कागदासमोर धरलीत, पिवळं राहायला हवं होतं ते चक्क हिरवं! म्हणजे अमोनिया, माशाच्याच घाणीतून पाण्यात साठलेला. हवा वरून घेतो हे खरंच आहे, पण कल्ले तर त्याच पाण्यात असतात ना, ते भाजतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे त्या बाऊलचा राग आला मला.

वीस लिटरची टाकी, हीटर वगैरे आम्ही आणलं, पण खरी गोष्ट तुम्ही दिलीत, तुमच्या टाकीतल्या फिल्टरचा तो चॉकलेटी, घाणेरडा दिसणारा स्पंज. सासूबाई म्हणाल्या धुवून तरी घे, आणि तुम्ही जवळजवळ ओरडलात, नळाखाली नाही हं, क्लोरीनने सगळे बॅक्टेरिया मरतील! अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे ते बॅक्टेरिया नव्या टाकीत आपोआप तयार व्हायला चार ते सहा आठवडे सहज लागतात, आमच्याकडे ते तयारच आले. तरी पुढे कितीतरी दिवस रोज टेस्ट करायला लावलीत ते बरंच केलंत.

आणि आपलं पाणी म्हणजे काय, कधी कॉर्पोरेशनचं, कधी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर, रोज वेगळं. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचा आकडा, साडेसहा आहे की साडेसात यापेक्षा तो एकदम बदलू नये हे महत्त्वाचं, हे तुमच्याकडूनच कळलं, शिवाय बोअरचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच पीएच मोजायचा, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेला की आकडा वर जातो. आता दर रविवारी पाव टाकी पाणी बदलते, बादलीत अँटिक्लोरीन टाकून, थर्मामीटरने तापमान जुळवून, हीटरचा प्लग आधी काढून. सोसायटीची पाण्याची टाकी धुण्याच्या दिवशी "आज ब्लीचिंग टाकलंय, पाणी बदलू नकोस" हा तुमचा मेसेज वॉचमनच्या नोटीसच्या आधी येतो, कमाल आहे.

डिसेंबरात पुण्याची थंडी पडली तरी टाकी सव्वीसवर होती. शेपटीला आता नवीन कड आलीय, पातळ, काचेसारखी पारदर्शक, रंग अजून भरायचाय.

माशांच्या पाण्यात टाकायची तुमची देशी बदामाची पानं संपत आली असतील ना? आमच्या ऑफिसमागे मोठं झाड आहे, फवारणी वगैरे काही नसते तिथे, गळून वाळलेली पिशवीभर शनिवारी आणून देते. नको म्हणू नका.

तुमची,
सी विंगमधली, रविवारी बादल्या भरणारी