उपरण्याखालचा भाव

लातूर, श्रावण

प्रिय गुंड्या,

काय करालास? पुण्यात पावसानं धार लावलीय म्हणे. इकडं भुरभुर. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायलोय.

आमच्या पुतण्यानं अकरा मिनिटांची फिल्म केली. आपल्या लातूरची, आणि मुकी. मुकी का विचारलं तर मला सावेदादा, आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे फिल्मवाले, ऐकवले: १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, तिला कुठं आवाज होता? खरं कारण मला ठाऊक आहे. मोबाइलात हॉर्नशिवाय काही आलंच नव्हतं.

सुरुवात गंजगोलाईतून. जगदंबेच्या देवळापाशी कॅमेरा हळूहळू फिरतो, सोळाच्या सोळा रस्ते. शटर वर जातात, झाडू, सडा, हातगाड्या. मग नळ आल्यावरची गल्ली: घागरी, टिपाडं, पाइप ओढत धावणाऱ्या बायका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते गाव हे. ती धांदल न ऐकताही कळते.

परवा उघडीप होती, म्हणून गच्चीवर चादर बांधून दाखवली. आणि मुकी कुठली रे! भाजीवालीनं तोंड उघडलं की आमची आई ओरडली, "मेथी घ्या मेथी!" हुबेहूब. मग काय, ज्यानं त्यानं ओळखीच्या माणसाला आवाज द्यायला सुरुवात केली. कंडक्टरची घंटी शेजारच्या पोरानं ताटलीवर वाजवली.

एकाच जागी सगळे गप्प. हाळीचा बैलबाजार. देवणीची जोडी, आणि तुझे अण्णा, गिऱ्हाइकाच्या हातावर उपरणं टाकून. आत बोटांनी भाव चाललाय, वर दोघांचे चेहरे दगडाचे. अण्णा मान हलवतात, हात सोडतात, पुन्हा धरतात. दीड मिनिट! पुतण्या म्हणत होता, हा तुकडा लांबतोय, कापू का? मी म्हटलं, हा सोडून काय कापायचं ते काप.

अण्णा गच्चीवरच होते, खुर्ची टाकून. सगळे मागं लागले, "अण्णा, कितीला गेली जोडी?" उपरणं सावरत म्हणाले, "वर सांगायचं असतं तर खाली हात कशाला घातला असता?"

जिना उतरताना मला मात्र हळूच विचारलं, "गुंड्यानं बघितली का रे?" मोबाइलवर पाठवतो म्हटलं तर नको म्हणाले. चादरीवरच बघू दे म्हणे.

पोळ्याला येतोस ना? चादर काढून ठेवलेली नाही.

तुझाच,
बापू