सोळाचे नंतर बघू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मतदानाचे वय सोळा करावे, असे सुचवणारा कालचा अग्रलेख वाचला. चीड आली म्हणून आज सकाळी पुन्हा वाचला, ती काही कमी झाली नाही. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये केले, ब्राझीलने १९८८ मध्येच केले, ब्रिटन आता करायला निघाले आहे, मग आपण का नाही, असा आपला सवाल. (ब्राझीलमध्ये सोळा-सतराच्या मुलांना मत ऐच्छिक आहे आणि अठरानंतर सक्तीचे, हे सांगायचे राहिले वाटते.) ऑस्ट्रियातल्या पोरांचे अभिनंदन. पण आमच्या घरात हे वय सध्या सत्तावीस आहे. ते आधी अठरावर आणून द्या, सोळाचे नंतर बघू.

सत्तावीस कसे, ते सांगतो. माझ्या मुलाचा जन्म ९ जानेवारी १९९९ चा. महापालिकेची निवडणूक झाली २१ फेब्रुवारी २०१७ ला. त्या दिवशी तो अठरा वर्षे, एक महिना आणि बारा दिवसांचा होता. पण मतदारयादीसाठी अठरा मोजायचे ते १ जानेवारीला, त्यामुळे आठ दिवसांनी हुकले. मी म्हटले, "असू दे रे, पाच वर्षांनी आहेच पुन्हा." राज्यघटनेच्या २४३-यू कलमावर माझा तेव्हा भाबडा विश्वास होता. महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्यापुढे एक दिवस नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे.

२०२२ आले. मुदत संपली, प्रशासक बसले. पुढे आरक्षण, प्रभागरचना, न्यायालय, हे सगळे आपण छापलेच आहे, मी पुन्हा उगाळत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावले, आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मुलाला सत्तावीस पूर्ण होऊन सहा दिवस झाले होते. सकाळी आरशासमोर दाढी करता करता तो म्हणाला, "बाबा, कानावर पांढरा केस दिसतोय का बघा हो." दिसत होता. तो केस घेऊन चिरंजीव नगरसेवकासाठीचे पहिले मत द्यायला निघाले.

मधल्या काळात त्याने लोकसभेला दोनदा मत दिले, विधानसभेला दोनदा दिले. म्हणजे दिल्लीत कोण बसावे, हे ठरवण्याची अक्कल त्याला विसाव्या वर्षी होती, पण गटारावर झाकण कोणी बसवावे हे ठरवायला सत्तावीस लागले. आणखी मौज म्हणजे नगरसेवकपदाला उभे राहायला एकवीस पुरतात. जानेवारी २०२० पासून तो नगरसेवक व्हायला लायक होता. ज्याला नगरसेवक होता येते, त्याला नगरसेवकासाठी एकदाही मत देता आलेले नाही, अशी सहा वर्षे गेली. यावर अग्रलेख कधी?

शेजारच्या मुलीची तर अजून निराळी कथा. तिला १२ जुलै २०२५ ला अठरा पूर्ण झाली. २०२२ पासून वर्षात एकाऐवजी चार पात्रता तारखा (म्हणजे अठरा मोजायचे दिवस) आल्या आहेत, सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो, हे तिने कॉलेजात ऐकले होते आणि नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म भरूनही टाकला होता. पण या निवडणुकांना ग्राह्य धरली १ जुलै २०२५ ची यादी. मतदानाच्या दिवशी ती अठरा वर्षे सहा महिन्यांची होती आणि बाल्कनीतून आम्हाला जाताना बघत होती. पुढची निवडणूक वेळेवर झाली, तर (हसू नका) ती तेव्हा तेविशीत असेल.

तारखांचे हे दुखणे आमच्याकडे वंशपरंपरागत आहे. माझा जन्म १९७० च्या दिवाळीतला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा. शाळेत नाव घालताना आईने मास्तरांना हे अगदी वेळेसकट सांगितले. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले आणि लिहिले, १ जून १९७१. आमच्या वर्गातली निम्मी मुले १ जूनला जन्मली होती. आजही ३१ मे ला आमच्या कार्यालयात निरोपसमारंभाच्या हारांची रांग लागते, ती त्या पिढीच्या मास्तरांची कृपा.

घटनादुरुस्ती होऊन मतदानाचे वय एकवीसचे अठरा झाले ते २८ मार्च १९८९ पासून. केवढा आनंद! त्या वर्षापुरती पात्रता तारीखही १ जानेवारीऐवजी १ एप्रिल ठेवली होती. खरे पाहता मी तेव्हा अठरा वर्षे पाच महिन्यांचा. दाखला घेऊन गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी बोटांवर मोजले आणि दाखला माझ्याकडे सरकवला. "एक एप्रिलला सतराच भरतात. पुढच्या वेळी या." माझा चुलतभाऊ माझ्याहून तीन महिन्यांनी लहान, पण त्याला लवकर शाळेत घालायचे होते म्हणून त्याची तारीख मास्तरांनी १ जून १९७० लावलेली. त्याने नोव्हेंबरात मत दिले आणि पुढचे पंधरा दिवस ते शाईचे बोट माझ्या नाकासमोर नाचवले. "तू अजून लहान आहेस," म्हणायचा. अजून म्हणतो, लग्नकार्यात भेटला की.

मास्तरांवर राग नाही. त्यांनी माझे मत घालवले, पण सरकारी नोकरीत सात महिने जास्त दिले. हिशेब जवळजवळ मिटला.

आता आपल्या सोळाबद्दल. विरोध आहे का? खरे सांगायचे तर फारसा नाही. सोळा ते अठराच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवता येतो, अशी सोय २०१५ च्या कायद्याने केलीच आहे. तुरुंगासाठी मोठा आणि मतपेटीसाठी लहान, हे काही पटणारे नाही. मुलांना समज नसते म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा बघावी, तिथे साठीच्या खालचे कोणी नसते. पण कायद्यात सोळा लिहिल्याने काय होणार? पात्रता तारीख, यादी, प्रशासक, न्यायालय असे करत करत सोळाचे चोवीस होणार. आकडा बदलणे सोपे असते. निवडणूक वेळेवर घ्या म्हणून सरकारच्या मागे लागायचे, तर त्याला अग्रलेख रोज लिहावा लागेल.

जाता जाता एक. १६ जानेवारीच्या अंकात, पान तीनवर, 'नवमतदारांचा उत्साह' या मथळ्याखाली आपण जो फोटो छापला आहे, त्यात बोट दाखवणाऱ्या चार मुलींच्या मागे, अर्धा कापलेला, निळ्या शर्टातला जो दिसतो तो माझा मुलगा. दर निवडणुकीला चार मुली आणि खुर्चीवरून आणलेल्या एक आजी, एवढेच मतदार आपल्या छायाचित्रकारांना का दिसतात, हा प्रश्न वेगळा. पण फोटोखाली 'अठरा वर्षांचे मतदार' असे लिहिले आहे. त्यातल्या एकाचे वय सत्तावीस आहे, तेवढी दुरुस्ती छापावी. त्याच्या आईने कात्रण काढून ठेवले आहे.

आपला,
एक वर्गणीदार
(जन्म दिवाळीचा, कागदावर १ जून)