आमच्या लक्ष्मीच्या चित्राबद्दल, ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लक्ष्मीच्या चित्राचा उलगडा तुम्ही केलात, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. जाहीर लिहितेय, कारण राजा रविवर्म्यांची अशी लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांत आहे, आणि ‘ओरिजिनल आहे का हो?’ हा प्रश्नही तिथे असणारच.

मोबाइलवरचा फोटो पाहून एका व्यापाऱ्याने ‘अस्सल तैलचित्र, कोटीत जाईल’ असं ठोकून दिलं आणि बाबा-काकांमध्ये वाटणीवरून धुसफूस सुरू झाली. तुम्ही फोटोवरून अवाक्षर काढलं नाहीत. ‘आधी फ्रेम उघडू,’ एवढंच म्हणालात.

नंतर निकाल सांगण्याऐवजी भिंगच माझ्या हातात दिलंत, याचं मला फार अप्रूप आहे. लांबून सलग दिसणारा लक्ष्मीचा गाल भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचा निघाला. पिवळे, गुलाबी, तपकिरी. कुठे दाट, कुठे विरळ. कुंचल्याचा फटकारा कुठेच नाही. कोपऱ्यातली सही हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा पुरावा, पण तीही चित्राबरोबरच छापलेली! अशा दगडावरून रंगीत छापलेल्या चित्राला ओलिओग्राफ म्हणतात, आणि वरून वार्निश असल्यामुळे तो तैलचित्रासारखा चमकतो, हे तुम्ही तेव्हाच समजावलंत.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. हल्लीच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, ठरावीक जाळीत बसतात. आमचे ठिपके वेडेवाकडे, म्हणजे कारागिराने हाताने दगडावर दिलेले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दर वेळी त्याच जागी नेमका बसवायचा. फ्रेमच्या पट्टीखाली दडलेल्या समासात रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा अशी इंग्रजी अक्षरं सापडली तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून बघायला आले. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि 1972 मध्ये आगीत सापडला, ही सगळी हकीकत तुम्ही काकांना इतक्या आपुलकीने सांगितलीत की ‘नुसतं प्रिंट’ हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. देवादिकांची चित्रं सामान्यांच्या भिंतीवर आली त्यात या छापखान्याचा मोठा वाटा. मला तर आता ही लक्ष्मी जास्तच आपली वाटते.

आणि पदरावरची जर! पणजीने टाचलेली ती जर न् टिकल्या काढून चित्र ‘स्वच्छ’ करायचा सल्ला आम्हाला मिळाला होता. तुम्ही ठाम नको म्हणालात. त्या काळी कितीतरी घरांतल्या बायका चित्रं अशी सजवत, ते काम चित्राइतकंच जपायचं, हे तुमचं म्हणणं आजीला ऐकवलं. तिने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मागचा पिवळा पडलेला पुठ्ठा काढून आम्लरहित (म्हणजे कागद खराब न करणारा) बोर्ड लावलाय, काच चित्राला टेकत नाही, आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवरून हलवलीय. ओल्या फडक्याने पुसणं बंद. काका आता दिवाळीला इथेच येणार आहेत, चित्र आमच्याकडेच राहील असं त्यांनीच सुचवलं.

मामाकडेही एक सरस्वती आहे. तुमच्या सवडीने घेऊन येऊ का? फ्रेम उघडलेली नाही अजून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लक्ष्मीच्या घरची लेक