नववी-दहावीचा पीटीचा तास परत द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलांच्या लठ्ठपणाची हल्ली बरीच चर्चा आहे. सीबीएसईने २०२५मध्ये शाळांना साखर-फलक, म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले. ते चांगलंच झालं. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते, हे पोरांना कळायलाच हवं. पण या सगळ्या चर्चेचा सूर एकच असतो: मुलं जंक फूड खातात, मोबाईल सोडत नाहीत, आळशी झालीत. माझी तक्रार या सुराबद्दल आहे.

आमच्याकडच्या नववीतल्या मुलाचा दिवस बघा. सकाळी सातची शाळा, म्हणजे सहाच्या आत उठणं. डबा भरेपर्यंत रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात, त्यामुळे पोटात फक्त चहा-बिस्किट. मधल्या सुट्टीत डबा असतो, पण फाटकाबाहेर वडापावची गाडी आणि पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळाही असतात. दुपारी घरी येऊन जेवला की चारला क्लास. क्लास सुटतो आठला, जेवण साडेनऊला. गृहपाठ आटपून अंथरुणात मोबाईल हातात येतो तेव्हा अकरा वाजलेले असतात. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, ती सहावर येते. झोप कमी पडली की भूक वाढते आणि गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं. आता यात धावायचं कधी, ते सांगा.

जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. ती मिळायची शाळेतली एकच हमखास जागा म्हणजे पीटीचा तास. दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणी विषय. टक्केवारीत धरत नाहीत म्हटल्यावर त्याचा वाली कोण? दिवाळीनंतर ‘सर, तुमचा तास जरा भूमितीला देता का’ सुरू होतं, आणि जानेवारीत कुणी विचारायचेही कष्ट घेत नाही. वेळापत्रकात तास असतो, वर्गात गणित चालू असतं. स्पर्धेत चमकणाऱ्या खेळाडूंना वाढीव गुण आहेत, त्याला माझी हरकत नाही. पण ज्याला ‘ए ढोल्या’ म्हणून कबड्डीच्या संघाबाहेर बसवतात, त्याच्यासाठी हा तासच काय तो होता.

मुलींचं आणखी अवघड. पाळी सुरू झाली की बऱ्याच जणी मैदानावर यायचं हळूहळू बंद करतात. घरून चिठ्ठी येते, पोटात दुखतं. दर वेळी पोट दुखत असतंच असं नाही. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृहाला पाणी नाही, आणि मैदानाच्या कठड्यावर बघे बसलेले. मी मुलगी असतो तर मीही चिठ्ठीच आणली असती. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मैदान आहे. कपडे बदलायच्या खोलीचा विचार कुणी केला?

कृपया यावर उपाय म्हणून जाड मुलांचं वेगळं शिबिर काढू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे काटकुळा दिसणारा पोरगाही आतून सुटलेला असू शकतो. वजनकाट्यावर रांग लावून काहींना बाजूला काढलं, तर ती मुलं लाजेने मैदानच सोडतील आणि बाकीचे निर्धास्त होतील.

नियमांची वाण नाही. आपल्याच राज्याने मे २०१७मध्ये शाळेच्या उपाहारगृहात चिप्स, नूडल्स, पिझ्झा, शीतपेयं विकायला मनाई केली. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार तर फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकता येत नाहीत. हे ५० मीटर मोजायचे कुणी? मुख्याध्यापकांनी गाडीवाल्याला हटकलं की तो म्हणतो, रस्ता महापालिकेचा आहे. त्याचंही पोट आहे. त्याला दुसरी जागा देणं महापालिकेचं काम, शिपायामार्फत हाकलणं आमचं नव्हे. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. नववीपासून पोराची भूक दुप्पट होते आणि त्याच्यासमोर ती गाडीच उरते.

२०२४मध्ये आपल्या विभागाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय घेतला. कारण दिलं होतं झोपेचं. वयात येताना झोप यायची वेळच पुढे सरकते, म्हणजे त्या सवलतीची जास्त गरज तेरा-चौदाच्या पोरांना होती! दोन पाळ्यांच्या शाळांना खोल्यांची अडचण आहे, मान्य. मग निदान साडेसातच्या आत नको, एवढं तरी करा.

आणि पीटीच्या तासाचं एक साधं परिपत्रक काढा: नववी-दहावीचा हा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, जानेवारी-फेब्रुवारीतही नाही. शाळातपासणीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांना सांगा, वेळापत्रक पाहू नका, त्या तासाला मैदानावर या.

कळावे,
आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक, पुणे जिल्हा