थायलंडची सीमा ओलांडण्यापूर्वी

महोदय,

थायलंडमध्ये मुक्काम लांबवण्यासाठी आपले अनेक तरुण सीमेवरच्या नोंग खाई शहराजवळचा पूल ओलांडून लाओसला जातात आणि लगेच परततात. ही वाट ते फार सोपी समजतात. पण जमिनीच्या सीमेवरून व्हिसामुक्त प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो, आणि वारंवार असे करणाऱ्याला अधिकारी दारातूनच परत पाठवू शकतो. खरा धोका तिथे आहे: थायलंडचा निर्गमन शिक्का बसलेला, लाओसचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा वापरून झालेला, म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. त्यात लॅपटॉप आणि औषधे बँकॉकच्या खोलीत. ती सोबतच ठेवावीत.

थायलंडमध्ये पुन्हा शिरताना पासपोर्टला सहा महिने मुदत, दोन कोरी पाने, परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि पुरेशी रोकड हवी. थायलंडचे डिजिटल आगमन पत्र प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरावे. ते मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. दिवस बोटांवर मोजू नयेत, शिक्क्यावरची तारीख पाहावी. उशिराला रोज ५०० बाथ दंड आहे.

खरे तर १,९०० बाथ भरून इमिग्रेशन कार्यालयातच मुदतवाढ मागणे केव्हाही बरे.

— एक वाचक, ठाणे