गाडी दारात चार्जिंगला लावण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एकतीस वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागात वायरमनचं काम केलं. मागाचे कारखाने, विडी कामगारांची घरं, किराणा दुकानं, मंगल कार्यालयं, सगळीकडची फिटिंगं केली. त्यामुळे परवा माझ्याच घरात जे घडलं ते लिहिताना मान खाली जाते. तरीही लिहितो आहे, कारण संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारली की तेच दृश्य मला दर चार घरांमागे एका घरात दिसतं.

सूनबाईंनी बॅटरीवरची स्कूटर घेऊन आठ महिने झाले. रात्री जेवणं उरकली की गाडी जिन्याखाली, दाराच्या तोंडाशी उभी राहते. टीव्हीच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढायचं, चार्जर लावायचा आणि झोपायचं, असा नेम पडला होता. मी रोज बघत होतो आणि काही बोलत नव्हतो. परवा पहाटे चारच्या सुमाराला जळका वास आला. तारेचं, प्लगचं प्लास्टिक तापल्याचा तो वास मी झोपेतही ओळखतो. धावत जाऊन मेन बंद केला. एक्स्टेन्शनचं एक भोक वितळून लांबट झालं होतं. चार्जरच्या प्लगची एक पिन पिवळीधमक, दुसरी काळीनिळी, आणि तिच्या बुडाशी प्लास्टिक फेसासारखं फुगलेलं. मेन बंद करून पाच मिनिटं झाली तरी ती पिन बोटाला चटका देत होती.

सूनबाई घाबरून म्हणाल्या, "पण मामा, एमसीबी तर पडलाच नाही. मग लोड जास्त कसा झाला?"

एमसीबी म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच. हा प्रश्न मला गिऱ्हाइकांनी शेकडो वेळा विचारला आहे. त्याचं उत्तर असं की लोड जास्त झालाच नव्हता. नऊशे वॅटचा चार्जर २३० व्होल्टवर साधारण चार अँपिअर घेतो. सहा अँपिअरच्या सॉकेटला तेवढं चालतं, सोळा अँपिअरच्या एमसीबीला तर त्याची जाणीवही होत नाही. दोष होता ढिल्या पकडीत. एक्स्टेन्शनच्या आतली पितळी पट्टी सैल झाली की पिन आणि पट्टी यांच्यात अवरोध, म्हणजे करंटला अडथळा, तयार होतो. तो अर्धा ओहम जरी धरला, तरी चार अँपिअरला तिथे आठ वॅट उष्णता होते. आठ वॅट म्हणजे झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. पण ती नखाएवढ्या जागेत, सलग चार-पाच तास साठत राहते. तापलेली पट्टी आणखी सैल होते, अवरोध आणखी वाढतो. मिक्सर दोन मिनिटं चालतो, इस्त्री मधून मधून बंद होते, म्हणून तोच सैल बोर्ड इतकी वर्षं निभावून गेला. गाडीचा चार्जर त्याला रात्रभर विश्रांती देत नाही. एमसीबी तारेला जादा करंटपासून वाचवतो. सैल पिन त्याला दिसत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं अगदी साधं आहे. गाडीसाठी सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार ओढा, त्याला स्वतंत्र एमसीबी द्या, आणि मधे एकही एक्स्टेन्शन नको. चार्जर लावून तासाभराने बंद करा, प्लग काढा आणि पिनांना हात लावून बघा. कोमट असतील तर हरकत नाही. चटका बसला तर तो सॉकेट त्याच दिवशी बदला. नवीन प्लगला पिना चकचकीत असतात, त्या काळवंडल्या की समजावं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत उतरवणाऱ्या तारेची आणि तिच्या खड्ड्याची. आपल्या गावात ती कागदावर असते. थ्री पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते? प्लग आत जाताना सगळ्यात आधी तीच लागावी आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून. लोक ती पिनच कापून टाकतात, कारण भिंतीत दोनच भोकं असतात. जिथे अर्थची तार आहे तिथे खड्डा कोरडा. कोळसा-मीठ घालून खड्डा करायचा आणि वीस वर्षं त्याच्याकडे बघायचं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात जमीन फुटेपर्यंत वाळते, मग त्या खड्ड्याचा अवरोध पाच ओहमचा पन्नास ओहम व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी लोखंडी कूलरच्या बॉडीत फेज उतरला, तर जमिनीत जेमतेम साडेचार अँपिअर जातात. एमसीबी पडत नाही आणि कूलर तसाच जिवंत उभा राहतो. पाणी येण्याच्या दिवशी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मोटार लावणाऱ्या बायका मी नेहमी बघतो, आणि मला भीती वाटते. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. पाण्याची टंचाई मलाही ठाऊक आहे. भांडी धुतलेलं पाणी चालतं.

आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला की नाही हे तो मोजत असतो. माणसाच्या अंगातून किंवा बॉडीतून करंट जमिनीत जाऊ लागला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो पडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून पडला नाही तर तो बदलायचा. वारंवार पडतो म्हणून थेट जोड मारून देणारे कारागीर आहेत. त्यांना तसं करू देऊ नका, गळती शोधायला लावा. अर्थात माझा तो प्लग आरसीसीबीनेही वाचला नसता. त्याचं काम वेगळं, घट्ट सॉकेटचं वेगळं.

चार्जरच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. चार्जरवर '४८ व्होल्ट' लिहिलं म्हणजे तो कोणत्याही ४८ व्होल्टच्या बॅटरीला चालतो असं नाही. बारा व्होल्टच्या चार ॲसिड बॅटऱ्यांचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियमची तेरा सेलची बॅटरी मात्र ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणला, पिन बसली, दिवा लागला, आणि बॅटरीत चार व्होल्ट जास्त कोंबले गेले. आत बॅटरीची राखण करणारं बीएमएसचं सर्किट चांगलं असेल तर ते चार्जिंग तोडेल, बॅटरी स्वस्तातली असेल तर सांगता येत नाही. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा, बिघडला तर त्याच गाडीचा घ्यावा. उन्हातून आलेली गाडी लगेच लावू नये. आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगच्या वेळी ४५ अंशांपुढे सोसत नाही. तासभर सावलीत थांबू द्या. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी घरात ठेवूच नका.

ॲसिडच्या बॅटरीचा धोका वेगळा. ई-रिक्षा, इन्व्हर्टर, ट्रक यांच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. माझ्या एका गॅरेजवाल्या मित्राने चार्जर चालू असतानाच बॅटरीवरचा त्याचा चिमटा ओढला. ठिणगी उडाली, बॅटरीचं झाकण फुटून छताला लागलं, ॲसिड अंगावर उडालं. तो वाचला, कारण बाहेर पाण्याचा हौद होता आणि त्याने पंधरा मिनिटं डोळे त्यातल्या पाण्याने धुतले. अंगातला सुती शर्ट संध्याकाळी धुतला तर पोटावर त्याची चाळण झाली. चिमटे आधी लावायचे आणि मग चार्जर चालू करायचा. आधी बंद करायचा, मग चिमटे काढायचे. खोलीची खिडकी उघडी हवी. देवघराशेजारी इन्व्हर्टर ठेवणाऱ्यांनी समईचा विचार करावा.

आता जागेविषयी. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या घरचेही होते, कामगारही होते. त्या आगीशी मी चार्जरचा संबंध जोडत नाही. पण खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी शेकडो घरं आपल्याकडे आहेत, आणि त्यांना जिना एकच. त्याच जिन्याच्या तोंडाशी रात्रभर गाडी चार्ज होते. लिथियम पेटला की तो मिनिटाभरात भडकतो, काळा विषारी धूर जिन्यातून चिमणीसारखा वर चढतो, विझल्यासारखा वाटून पुन्हा पेटतो. बोळात बंब शिरत नाही. गाडी अंगणात, भिंतीपासून हातभर लांब, जाण्यायेण्याची वाट सोडून लावा, आणि आपण जागे असताना चार्ज करा. पेट घेतलाच तर गाडी बाहेर ओढायच्या नादी लागू नका. माणसं बाहेर काढा, जमलं तर मेन बंद करा, १०१ ला फोन करा.

महापालिकेला आणि महावितरणला माझी विनंती आहे की उन्हाळ्याआधी पेठापेठांत परवानाधारक वायरमनांकडून अर्थिंग तपासणीची शिबिरं घ्यावीत. अर्थिंग मोजायच्या मीटरवर घरटी दहा मिनिटं पुरतात. गाडी विकणाऱ्या दुकानदारानेही ताबा देण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरचा पॉइंट बघून यावा, गॅसवाला शेगडी बसवताना बघतो तसा. आपण आपल्या पेपरात हे छापलंत तर विषय निदान बोलण्यात येईल.

आमच्या घरी आता परसात वेगळा पॉइंट आहे. सूनबाई संध्याकाळी सात ते अकरा चार्जिंग करतात आणि प्लग काढून मगच झोपतात. तो वितळलेला बोर्ड मी टाकला नाही, ओट्यावर खिळ्याला टांगून ठेवला आहे. येणारी-जाणारी पोरं विचारतात, त्यांना दाखवतो. गल्लीतल्या कुणाला आपला प्लग तपासून घ्यायचा असेल, तर संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो. पैसे घेत नाही.

आपला,
एक निवृत्त वायरमन
पूर्व भाग, सोलापूर